शिवारफेरी की उपग्रह नकाशा?

नाशिकमधल्या पेठकडच्या एका सरपंचताईंचा प्रश्न: गावाच्या पाणी-आराखड्यातल्या बंधाऱ्यांच्या जागा एजन्सीकडून नकाशावर ठरवून घ्यायच्या, की गावाने शिवारफेरी काढून, म्हणजे सगळं शिवार पायी फिरून?

खर्चात फेरी स्वस्त. अर्थात फिरणाऱ्यांची मजुरी बुडते, ती कोणी धरत नाही. वेळेत नकाशा पुढे.

खरा फरक अचूकतेत. उतार, पाणलोटाची हद्द नकाशा चोख दाखवतो. पण पेठ-सुरगाण्यात २००० मिमीच्या आसपास पाऊस पडूनही उन्हाळ्यात हंडे रिकामेच, कारण कातळावर पाणी ठरत नाही. कुठला झरा होळीपर्यंत टिकतो, कुठला आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत), कुठे मुरूम आणि कुठे दोन हातांवर कातळ, हे पाणी भरणाऱ्या बाईला आणि विहीर खणणाऱ्याला ठाऊक. बागलाणात मोसम-आरम नद्यांकाठची फडपद्धतही (बंधाऱ्याचं पाणी पाटाने पाळीपाळीने शेतांना देण्याची जुनी रीत) पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या अशाच जाणकारीवर चालत आली.

फेरीची खोड एकच: ज्याचा आवाज मोठा, त्याच्याच बांधाला बंधारा! म्हणून बायकांची फेरी वेगळी काढा, तीही मे महिन्यात. पावसाळ्यात सगळेच झरे जिवंत दिसतात.

झऱ्याची डागडुजी, विहिरीतला गाळ, मातीच्या गोण्यांचा वनराई बंधारा एवढंच काम असेल तर फेरी पुरे. आदिवासी भागासाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यामुळे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा घेता येते, तिथेच ठराव करा. सिमेंट बंधारा किंवा दोन-तीन गावांचा पाणलोट असेल तर नकाशा घ्याच, तांत्रिक मंजुरीला मोजमाप लागतंच. फक्त चुन्याची खूण मारण्याआधी इंजिनिअरला पाड्यावरच्या जाणत्यांबरोबर ओढ्यात उतरवा.