विमानाला लुगडं : कापडी आवरणाचे आठ महिने

"काऊन रे बाबू, विमानाले लुगडं नेसवून राहिला का?"

ऑक्टोबरात ओसरीवर पंख उलटा ठेवून पिवळं कापड ताणत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलेला हा प्रश्न. आठ महिने झाले, गावात अजून तेच चालू आहे. "लुगड्याचं विमान आज उडते का?" म्हणून पोरं विचारतात. मोठ्या आर.सी. म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाला फिल्म (इस्त्रीनं चिकटवून ताणायचं पातळ प्लास्टिक) लावावी की कापड, या घोळात कुणी असेल तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे. आमच्याकडच्या म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या उन्हात आणि धसकटांत वापरून लिहितो आहे. पुण्या-बंगळूरच्या हवेत अनुभव वेगळा येईल.

माझं मॉडेल पाइपर जे-३ कब या जुन्या अमेरिकन दोन आसनी विमानाचं, चौथ्या हिश्श्याचं. खऱ्या कबचा पंखविस्तार १०.७४ मीटर, माझ्याचा २.६९ मीटर. आत बाल्सा (अगदी हलकं लाकूड) आणि प्लायचा सांगाडा, पुढे ३० सीसीचं पेट्रोल इंजिन, सगळं मिळून ८ किलोच्या आत-बाहेर. उडवतो गावाबाहेरच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी गायरानावर. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशात तो भाग हिरवा आहे, ४०० फुटांच्या वर जात नाही, आणि विमान नजरेच्या टप्प्यात ठेवतो.

काकांचा विनोद तसा अगदीच चुकीचा नव्हता. खरी जे-३ कब १९३८ ते १९४७ या काळात बनली आणि तिच्या अंगावर सुती कापडच होतं, वरून डोपचे हात. डोप म्हणजे कापड आवळून घट्ट करणारं लॅकर. पॉलिएस्टरचं कापड नंतर आलं. काकांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "मंग आपल्या कापसाचंच काऊन नाही लावत?" एकेकाळी शकुंतला रेल्वेत बसून इथला कापूस मँचेस्टरच्या वाटेला लागायचा, म्हणजे त्यांचा दावा तपासण्यासारखा होता. म्हणून आधीच्या उन्हाळ्यात केलेल्या चाचणीबद्दल सांगतो, कारण निर्णय तिथेच झाला.

बाल्साच्या फूटभर चौकटी केल्या चार. एकीवर स्वस्तातली बिननावाची चकचकीत फिल्म. दुसरीवर मागे गोंद लावूनच येणारं पॉलिएस्टर कापड, दुकानदारानं मोठ्या ताग्यातून मीटरवर कापून पाठवलेलं. तिसरीवर कापड दुकानातलं अस्तर, फेव्हिकॉलनं चिकटवून वरून पाण्यात विरघळणारं वॉर्निश. चौथीवर भंडाऱ्याचा कोसा, कारण जुने मॉडेलवाले रेशीम आणि डोप वापरायचे हे ऐकून होतो. चारही चौकटी अख्खा मे महिना टिनांवर ठेवल्या. टिनं दुपारी अशी तापतात की मांजरसुद्धा चढत नाही.

कोसा आधी बाद झाला. मॉडेलवाले वापरायचे ते रेशीम अगदी तलम, आपला कोसा जाडाभरडा. त्यानं डोप असा पिला की वजन हाताला लागायला लागलं. सुती कापडाचंही तेच झालं असतं, म्हणून काकांचा कापूस मी वापरलाच नाही. अस्तर मात्र फार चांगलं बसलं, इस्त्रीनं थोडं आकसलंही, पण वळवाची एक सर आली आणि कडेचा फेव्हिकॉल पांढरा पडून सुटला. पैसे नसतील आणि विमान घरातच टांगायचं असेल तर अस्तर जरूर लावा. उरली फिल्म आणि कापड. फिल्मला पंधरा दिवसांत कोपऱ्यांवर सुरकुत्या आल्या. कापड वाजवलं तर डफासारखं वाजत होतं.

त्यानंतर सराफाच्या काट्यावर वजन केलं. दहा सेंटिमीटरचा चौकोन: फिल्म ०.६५ ग्रॅम, कापड १ ग्रॅम. म्हणजे एका चौरस मीटरला ३५ ग्रॅमचा फरक. पंख आणि धड मिळून तीन चौरस मीटरच्या आसपास भरतात, म्हणजे शंभर-एकशेपाच ग्रॅम जास्त. आठ किलोच्या विमानाला हे काहीच नाही, टाकीत तेवढं पेट्रोल कमी-जास्त होतंच. "कापड जड पडतं" हे वाक्य दीड मीटरच्या हलक्या ग्लायडरला लागू आहे, इथे नाही.

आता माझी चूक. शेपटीला मी फिल्म लावली. हिशोब असा, की शेपूट गुरुत्वकेंद्रापासून लांब. तिथे वाढलेल्या एका ग्रॅमसाठी तोल साधायला नाकात तीनेक ग्रॅम शिसं घालावं लागतं. शेपटीचं क्षेत्र दोन्ही बाजू धरून ०.४ चौरस मीटर, म्हणजे वाचले १४ ग्रॅम. या १४ ग्रॅमपायी डिसेंबरपासून तीनदा शेपूट दुरुस्त केली आहे.

कारण उतरतानाची जागा. ई-क्लासच्या बाजूला तुरीचं आणि पऱ्हाटीचं वावर आहे. डिसेंबरात इंजिन हवेतच बंद पडलं, विमान धावपट्टीच्या अलीकडे वावरात उतरलं. तुरीचं एक धसकट पंखाखाली घुसलं, एक आडव्या शेपटीत. पंखाच्या कापडाला बोटाएवढं भोक पडलं आणि फाटणं तिथेच थांबलं, कारण पुढचा धागा अडवतो. शेपटीची फिल्म मात्र भोकापासून थेट मागच्या कडेपर्यंत उभी चिरत गेली. पंखाला रुपयाएवढं ठिगळ लावून मी त्याच संध्याकाळी परत उडवलं. शेपटीचा एक बाजूचा तुकडा पूर्ण काढावा लागला. फिल्म एकदा चिरायला लागली की पन्हाळीच्या पाण्यासारखी सरळ जाते, इतकंच लक्षात ठेवा.

मग एप्रिल-मे. बाहेर ४५ अंश, आणि सुमोच्या मागच्या काचेत ठेवलेल्या विमानाचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. शेपटीची फिल्म सैल पडली. पण इथे फिल्मला पूर्ण दोष देणं बरोबर नाही. मी ती ऑक्टोबरात लावली, तेव्हा पावसाळ्याचा ओलावा लाकडात होता. मेमध्ये बाल्सा वाळून आकसली, मग वरचं आवरण ढिलं पडणारच. कापडालाही एक-दोन ठिकाणी लाट आली होती, पण इस्त्री फिरवली की गेली आणि परत आली नाही. फिल्मची दर आठवड्याला यायची.

काळ्या रंगाबद्दल वेगळं सांगायला हवं. कबच्या अंगावर विजेसारखा काळा पट्टा असतो. तो मी कापडावर काळी फिल्म चिकटवून केला. मेच्या दुपारी त्याच्याखाली अडकलेली हवा फुगली आणि पट्ट्यावर पुरळ उठलं. टाचणीनं टोचून, कमी आचेच्या इस्त्रीनं दाबून बसवलं. पिवळ्या भागावर असा एकही फुगा नाही. आमच्याकडे गडद रंग लावायचा तर तो खाली पूर्ण लाकूड असलेल्या जागी लावूच नका, हवेला निघायला वाट राहत नाही.

इस्त्रीचं तापमान हा खरा अभ्यास. आधी ९०-१०० अंशांवर कडा चिकटवायच्या, मग १३०-१४० वर मधला भाग ताणायचा. १५० च्या वर मी नेलं नाही. तापमान मोजायला घरातला कोरोनाच्या काळातला कपाळाचा थर्मामीटर लावून पाहिला, तो नुसतं 'हाय' दाखवत बसला. तो तापासाठीचा, त्याला बेचाळीसच्या पुढचं कळत नाही. शेवटी मिस्त्रीकडून कारखान्यातला आणला. दुसरी अडचण विजेची. रात्री पंपांची थ्री-फेज सुरू झाली की घरातला दाब पडतो आणि इस्त्री तापायला तयार होत नाही. मी बहुतेक काम सकाळी सातच्या आत केलं.

कडा एकावर एक चढवताना कवेलू आठवा. खालचं आधी, वरचं नंतर. पुढचा तुकडा मागच्यावर. उलटं केलं तर वारा आणि सायलेन्सरचं तेल सांध्यात शिरतं. मी धडाच्या पोटाखाली एक सांधा घाईत उलटा घेतला आणि तिथेच, फक्त तिथेच, कापडाची कड उचलली आहे. कापलेल्या कडेचे धागे तेल पितात, तेव्हा तिथे पारदर्शक पॉलियुरेथेनचा बारीक हात आधीच मारून ठेवा. शिलाईच्या डब्यातल्या झिगझॅग कातरीनं कापलेल्या पट्ट्या पंखाच्या फासळ्यांवर लावल्या तर कड उसवत नाही आणि खऱ्या विमानासारखं दिसतंही. कातर परत जागेवर ठेवा, नाहीतर घरात वेगळं विमान उडतं.

कापडाची खरी तक्रार एकच: मळ. काळ्या मातीची धूळ तेलावर बसली की विणीत जाऊन रुतते. फिल्म एका फडक्यात चकाचक होते. कापडाला भांड्याचा साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश आणि पाऊण तास लागतो, तरी पोटाखालचा पिवळा आता हळदीचा राहिला नाही, मोहरीच्या तेलाचा झाला आहे. भावही फिल्मच्या दुपटीच्या जवळ, आणि मागवल्यावर यायला तीन आठवडे. जाहिरातीत चकाकी दाखवतात ती विसरा, कापड मंदच दिसतं. मला ते आवडतं.

ज्यांचं विमान दोन मीटरच्या खालचं आहे किंवा डांबरी धावपट्टीवर उतरतं, त्यांनी चांगल्या प्रतीची फिल्म घ्यावी आणि माझं ऐकू नये.

परवा शेपटीची फिल्म सोलली. गोंद लाकडाला राहिला होता, तो थिनरच्या बोळ्यानं पुसून काढला. कापड शिल्लक होतं, दोन्ही बाजूंना पुरतं आहे. लाकूड आत्ता कोरडं आहे, पावसात फुगेल, तेव्हा पूर्ण ताण देणार नाही. दोन्ही बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या तापवणार, म्हणजे पातळ शेपूट पिळली जाणार नाही. काका सकाळी येऊन बघून गेले. "आता चोळी शिवतो का?" म्हणाले. आभाळ भरून आलं आहे आणि लाइन सकाळपासून गेलेली आहे.