फोंड्याजवळचा वृद्धाश्रम: आईच्या ताटाविषयी

माझी आई 81 वर्षांची. गेले अकरा महिने ती गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका खासगी वृद्धाश्रमात राहते. आईचा पत्ता असा जाहीर करायचा नाही, म्हणून नाव लिहीत नाही. खोल्या हवेशीर आहेत, देवघर आहे, माणसं प्रेमाने बोलतात. त्यापेक्षा जास्त मला तिथल्या जेवणाबद्दल सांगायचंय, कारण आधीच्या जागी आम्ही नेमकं तिथेच दुर्लक्ष केलं होतं.

त्या जागी भिंतीवर आठवड्याचा छापील मेनू लावलेला असायचा. तो वाचून आम्ही निश्चिंत झालो. ताट समोर ठेवायचे आणि अर्ध्या तासाने उचलायचे. कोणी किती खाल्लं, ते बघायचं काम कोणाचंच नव्हतं. खालची कवळी सैल झाल्यामुळे आईची हिरडी दुखायची. ती चपाती चहात बुडवून दोन घास घ्यायची आणि "राहू दे" म्हणायची. आम्ही फोन केला की "जेवले रे" हेच उत्तर. एका चतुर्थीला घरी आणली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताना बायकोने पाहिल्या. वजन केलं. सहा महिन्यांत 49 किलोवरून साडेत्रेचाळीस. इतक्या काळात वजनाचा दहावा हिस्सा आपसूक गेला तर डॉक्टर त्याला कुपोषणच म्हणतात. त्या वृद्धाश्रमात वजनकाटाच नव्हता.

इथे दर महिन्याच्या 1 तारखेला सगळ्यांचं वजन होतं. उभं राहता येत नाही त्यांना खुर्चीसकट काट्यावर घेतात आणि खुर्चीचं वजन वजा करतात. आणि एक वही आहे. प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोल काढलेले असतात, न्याहारीचा, दुपारचा आणि रात्रीचा. जेवढं खाल्लं तेवढा गोल पेन्सिलीने भरायचा. वाढणाऱ्या मावशींपैकी एकीला लिहिता येत नाही, पण गोल ती सगळ्यांत नेमका भरते. लागोपाठ दोन दिवस अर्ध्याहून कमी भरला की नर्स येऊन तोंड, दात, पोट बघते. आईची कवळी अशीच पहिल्या आठवड्यात दुरुस्तीला गेली.

एका शनिवारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली माशांची कढी, झालं होतं. स्वयंपाकाच्या मावशींनी आईच्या वाटणीचे दोन तुकडे ताटलीत काढले, मधला काटा एका ओढीत उचलला आणि मग उरलेलं मांस अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू चेपत गेल्या. नजर दुसरीकडेच होती, काटा त्यांना बोटालाच कळत होता. तीन बारीक काटे निघाले. ते मांस मऊ उकड्या शितात कालवून, वर कढी घालून ताट बाहेर गेलं. चव तिरफळासकट तीच, फक्त चावायचं काम कमी. आईने ताट पुसून खाल्लं.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला पेज दिली की जेवण झालं असं समजतात. मीही तसंच समजत होतो. पेज पोटाला हलकी असते, पण नुसत्या पेजेत प्रथिनं दोन-तीन ग्रॅमच्या वर जात नाहीत. म्हातारपणी दर किलो वजनामागे रोज निदान एक ग्रॅम तरी प्रथिनं लागतात, म्हणजे आईला पंचेचाळीसच्या आसपास. इथे सकाळी दहा वाजताच्या पेजेत मूग शिजवून घोटतात आणि वर चमचाभर तूप सोडतात. दिवसातून दोनदा पेलाभर दूध, म्हणजे बारा ग्रॅम. एक अंडं, सहा. दुपारी मासळी किंवा अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ. संध्याकाळी दही.

दुधादह्याचं महत्त्व आमच्या डॉक्टरांनी समजावलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 60 वृद्धाश्रमांत दोन वर्षं एक अभ्यास झाला, तो 2021 साली प्रसिद्ध झाला. सात हजारांवर वृद्ध त्यात होते. निम्म्या आश्रमांनी जेवणात दूध, दही, चीज वाढवलं. तिथे हाडं मोडण्याचं प्रमाण 33 टक्क्यांनी आणि खुब्याचं हाड मोडण्याचं 46 टक्क्यांनी कमी राहिलं. माझी आजी खुबा मोडून अंथरुणाला खिळली ती पुन्हा उठली नाही. त्यामुळे हे आकडे मला पाठ झालेत.

सोमवारी आई मासळी-अंडं खात नाही, श्रावणात तर महिनाभर नाही. तेव्हा मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची नारळातली भाजी), पनीर आणि कुळथाची पिठी असते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हाही खारवलेल्या सुक्या मासळीवर वेळ मारून नेत नाहीत, कारण बहुतेकांना रक्तदाब आहे. मिठाच्या बाबतीत मात्र त्यांनी सुरुवातीला फार ताणलं होतं. आई अळणी कढी बाजूला सारायची. डॉक्टरांनीच लिहून दिलं, पथ्यापायी खाणंच तुटत असेल तर पथ्य थोडं सैल करा. त्यानंतर तिचा दुपारचा गोल पुन्हा भरायला लागला.

एक तक्रार आहे आणि ती मी तिथल्या बाईंना तोंडावर सांगितली आहे. रात्रीचं जेवण साडेसहाला उरकतात आणि न्याहारी साडेआठला येते. मध्ये चौदा तास पोट रिकामं. कामाच्या पाळ्यांची अडचण मला कळते, पण इतका वेळ उपाशी राहणं या वयाला झेपत नाही. आता रात्री नऊ वाजता नाचणीचं सत्त्व मागेल त्याला मिळतं. आई मागते. तिच्या शेजारच्या पलंगावरच्या आजींना काही आठवतच नाही, त्या कशा मागणार? ते न मागता सगळ्यांना मिळायला हवं.

महिन्याला 24 हजार रुपये घेतात, औषधं वेगळी. आमच्या घराला ते जड जातं. या महिन्याच्या 1 तारखेला आईचं वजन 46 किलो 800 ग्रॅम भरलं.

तुम्ही कुठलाही वृद्धाश्रम बघायला जाणार असाल तर रविवारी जाऊ नका, त्या दिवशी सगळीकडेच चांगलं रांधतात. मधल्या वारी दुपारी एकच्या सुमारास जा आणि ताटं परत येतात तिथे, मोरीपाशी, दहा मिनिटं उभे राहा.