ट्विन पीक्स की मलहॉलंड ड्राइव्ह? सहा जण, एक पावसाळा आणि एक छापील कागद

गेल्या महिन्यात म्हापशाच्या एका ओळखीच्या जोडप्याचा फोन आला. "दादा, यंदा पावसाळ्यात चार-सहा जण जमून काहीतरी वेगळं बघायचं चाललंय. लिंच बघावा म्हणतो. सिनेमा लावू की मालिका?" मी दोन वाक्यांत उत्तर देऊन टाकलं आणि फोन ठेवल्यावर चुटपुट लागली, कारण आम्ही फोंड्याजवळ हे दोन्ही उद्योग करून बसलो आहोत. एका पावसाळ्यात 'मलहॉलंड ड्राइव्ह' हा सिनेमा, पुढच्या पावसाळ्यात 'ट्विन पीक्स' ही मालिका, अख्खी. दोन वाक्यांत मावणारी गोष्ट नव्हे ही.

डेव्हिड लिंच म्हणजे या दोन्हींचा अमेरिकन दिग्दर्शक, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एक मात्र आधी सांगायला हवं. मालिका ही हलकी जात आणि सिनेमा उच्च कुळातला, असं मनात असेल तर ते इथे चालत नाही. 'मलहॉलंड ड्राइव्ह' जन्माला आली ती मालिका म्हणूनच. 1999 मध्ये एबीसी या अमेरिकन वाहिनीसाठी पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, काढला, वाहिनीने नाकारला, पुढे फ्रेंच पैसा आला, नवा शेवट चित्रित झाला आणि 2001 मध्ये कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, जोएल कोएनबरोबर विभागून. उलट 'ट्विन पीक्स'चा 2017 चा तिसरा सीझन, चांगले 18 भाग, 'काये द्यु सिनेमा' या फ्रेंच मासिकाने त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट ठरवला, आणि नंतर अख्ख्या दशकाचाही. त्यावरून सिनेमावाले अजून भांडतात. भांडू देत.

सिनेमाच्या बाजूने सांगण्यासारखं खूप आहे. अडीच तासांत काम आटोपतं. वास्कोहून येणाऱ्याला एकदाच यावं लागतं. नेओमी वॉट्सचा ऑडिशनचा प्रसंग पाहताना आमच्या खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. 2016 मध्ये बीबीसीने जगभरच्या समीक्षकांना एकविसाव्या शतकातला सर्वोत्तम चित्रपट विचारला, तेव्हा पहिला क्रमांक याचाच आला, आणि त्यात मला तरी काही गैर वाटत नाही. इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात, असल्या सिनेमाला अर्ध्या तासाने खुर्च्या वाजायला लागतात, माणसं वाकून वाकून बाहेर पडतात. घरी कोणी उठत नाही, कारण मिरची भजी अजून यायची असतात.

पण आमच्यातला बँकेतला मित्र एक कागद घेऊन आला होता.

झालं असं, की हा सिनेमा डीव्हीडीवर आला तेव्हा लिंचने सोबत दहा खुणांची यादी दिली होती. सुरुवातीला नीट लक्ष द्या, लाल लॅम्पशेड कुठे कुठे दिसते ते पाहा, किल्ली कोण देतं आणि का, वगैरे. हाच माणूस डीव्हीडीत प्रसंगांचे टप्पे पाडू देत नव्हता, सिनेमा सलग बघा म्हणायचा. मला विचाराल तर त्या दहा खुणा म्हणजे त्याने वाहिनीवाल्यांवर आणि आपल्यावर काढलेली खोडी असावी. पण आमच्या मित्राने ती यादी छापून आणली, सहा प्रती. वर तारीखसुद्धा.

त्यानंतर आम्ही सिनेमा पाहिला नाही, पेपर सोडवला. लॅम्पशेड दिसली की तिघं एकदम "ही बघ" म्हणायचे. क्लब सिलेन्सियोचा प्रसंग आला. रंगमंचावर ती बाई गात असते, गाता गाता कोसळते आणि गाणं मात्र चालूच राहतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि शेजारून आवाज आला, "हा सातवा." मी आजवर त्याला काही बोललो नाही. इथे बोलतो.

सिनेमा संपला. चहा आला. मित्राने कागद घडी करून खिशात ठेवला आणि सांगितलं, "सोपं आहे. पहिले दोन तास स्वप्न, उरलेलं खरं." सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. हिशेब जुळला होता. शाळेत शिकवणारी आमची मैत्रीण तेवढी "मग आपल्याला रडू का आलं?" असं काहीतरी म्हणाली, पण तोवर हेल्मेटं हातात आली होती. पुढच्या रविवारी विषय मासळीच्या भावाचा. मलहॉलंडचं नाव कोणी काढलं नाही.

आता तो उलगडा चूक आहे का? तसंही नाही. बरेच जण तसंच वाचतात. पण उत्तर इतकं हाताशी असलं की घोळक्यात ते कोणीतरी दहा मिनिटांत देतोच, आणि मग बोलण्यासारखं उरत नाही. एकट्याने पाहिलात तर हा त्रास नाही. मी नंतर एकट्याने पाहिला, दोनदा.

आता मालिका. लॉरा पामर नावाच्या मुलीचा खून होतो, तिथून ती सुरू होते. पहिला इशारा व्यवहाराचा. 'ट्विन पीक्स'च्या पायलटची एक युरोपियन आवृत्ती आहे. वीसेक मिनिटं जास्त, आणि शेवटी खुनी सापडतो, कारण तिकडे तो स्वतंत्र चित्रपट म्हणून खपवायचा होता. आमच्याकडे पेनड्राइव्हवर नेमकी तीच आली. कळलं कधी, तर नेहमीप्रमाणे जोराचा पाऊस येऊन लाईट गेली आणि इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत कोणीतरी फोनवर लांबी तपासली. वीज खात्याचे आभार आयुष्यात पहिल्यांदा मानले. तुमच्याकडे पायलट दीड तासाच्या आसपास आहे ना, ते आधी बघा. पावणेदोन तासांच्या वर असेल तर लावू नका.

पहिला सीझन पायलट धरून आठ भागांचा. चार रविवारी संपतो, आणि चारही रविवारी कोणी दांडी मारली नाही. तिसऱ्या भागात ती लाल पडद्यांची खोली येते, नागमोडी पट्ट्यांची फरशी, आणि एक बुटका माणूस नाचतो. तिथली माणसं विचित्र बोलतात, कारण नटांनी वाक्यं उलटी म्हटली आणि ती ध्वनिफीत पुन्हा उलटी चालवली. हे मी मोठ्या उत्साहाने समजावत होतो, आणि बँकेतला मित्र "पण तो नाचतो का?" यावर अडून बसला होता. ज्यांच्या घरी जमायचो त्यांची आई पेडण्याची. ती दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, "काल्यांत कोण विचारता, हो कित्याक नाचता म्हूण?"

त्या दिवसापासून आई आमच्यात बसायला लागली. दशावतारी काल्याला रात्र काढणाऱ्या बाईला संकासुराचं पुढे काय होतं हे ठाऊक असतं, तरी ती पहाटेपर्यंत हलत नाही. तिला उपशीर्षकं वाचता येत नव्हती. अडलं नाही.

मालिकेचा दोषही सांगतो, नाहीतर म्हणाल पक्षपात करतो. लॉरा पामरला कोणी मारलं हे लिंच आणि सहनिर्माता मार्क फ्रॉस्ट लांबवत होते. वाहिनीने रेटा लावला आणि दुसऱ्या सीझनच्या मध्याआधीच, नोव्हेंबर 1990 मध्ये, नाव फोडावं लागलं. लिंच पुढे आयुष्यभर म्हणत राहिला की सोन्याची अंडी देणारी कोंबडीच कापली. खरंच कापली. त्यानंतरचे आठ-नऊ भाग म्हणजे भर दुपारी बिनपंख्याच्या खोलीत बसणं. मोटारसायकलवरच्या त्या पोराचं उपकथानक सुरू झालं की आमच्याकडे हटकून कोणीतरी पाव आणायला उठायचं. दोघं तिथेच गळाले, परत आले नाहीत. जून 1991 मध्ये मालिका बंद पडली, पण दुसऱ्या सीझनचा तो शेवटचा भाग लिंचने स्वतः दिग्दर्शित केला आहे. तिथपर्यंत पोहोचा. वाटेत दोन-दोन भाग एकदम लावा, गप्पा मारा, थट्टा करा, हरकत नाही.

मग 1992 चा 'फायर वॉक विथ मी' हा याच मालिकेवरचा सिनेमा, आणि मगच 2017 चा तिसरा सीझन. क्रम बदलू नका. आठव्या भागात जुलै 1945 ची न्यू मेक्सिकोतली अणुचाचणी आहे, कृष्णधवल, पेंडेरेत्स्की या पोलिश संगीतकाराचं हिरोशिमाच्या बळींसाठीचं संगीत वाजत राहतं आणि कितीतरी वेळ पडद्यावर नुसतं धूर आणि ठिणग्या. त्या रात्री कोणी खुणा मोजल्या नाहीत. कागदवाला मित्र कोपऱ्यात भजी हातात धरून बसला होता, खाल्ली नाहीत. उठताना एवढंच म्हणाला, "उद्या फोन करतो." केला. परवाही केला.

तेव्हा म्हापशाच्या मंडळींनो, तुमची गणितं तुम्हाला माहीत. रविवार दोनच मोकळे असतील, घरी लहान मूल असेल, कोणी परगावाहून येणार असेल, तर 'मलहॉलंड' लावा आणि दारात सगळ्यांचे खिसे तपासा. चतुर्थीपर्यंत वेळ असेल आणि मधल्या नऊ भागांत दोन माणसं गमवायची तयारी असेल, तर मी मालिका म्हणेन. जरा जोरातच म्हणेन.

परवा फोंड्याच्या बसस्टँडवर मागून स्कूटरचा हॉर्न वाजला. बँकेतला मित्र होता. तिसऱ्या सीझनच्या अगदी शेवटी एक प्रश्न येतो, पाहिलेल्यांना कळेल. हेल्मेटची काच वर करून तो भर गर्दीत ओरडला, "हें खंयचें वर्स रे?" आणि सिग्नल सुटला म्हणून निघून गेला.