पासबुकाची छपाई पाच महिने बंद: पतसंस्था, नागरी बँक आणि बाजाराची घसरण, चौदा महिन्यांचा अनुभव

सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी २६,२७७ च्या उच्चांकावर असतानाच मी घरचा अडीअडचणीचा पैसा नव्याने लावला. नागरी सहकारी बँकेत तीन लाख रुपयांची मुदत ठेव, आमच्या गावातील पतसंस्थेत सव्वानऊ टक्के दराने दोन लाखांची ठेव आणि निफ्टीप्रमाणे वरखाली होणाऱ्या निर्देशांक फंडात दरमहा पाच हजारांची एसआयपी, म्हणजे ठरावीक हप्त्याची गुंतवणूक, अशी ती विभागणी होती. पहिले तीन-चार महिने माझे मत ठाम होते की या तिन्हींत पतसंस्था सर्वांत उत्तम आहे, कारण तिचा दर बँकेपेक्षा दीड टक्क्याने जास्त होता, माणसे ओळखीची होती आणि बाजार ऑक्टोबरपासून सतत खाली येत होता.

परदेशी गुंतवणूकदारांची विक्री, कंपन्यांचे निराशाजनक तिमाही निकाल आणि आधीच चढलेले भाव यांमुळे फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस निफ्टी २२,१२४ वर बंद झाला. सलग पाच महिने घसरण १९९६ नंतर प्रथमच झाली होती. फंडातील आकडा रोज लाल दिसत असे आणि मला झोप लागत नसे. परंतु त्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीला, रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना खात्यातून एक रुपयाही काढता येईना. त्यांची शिल्लक आदल्या दिवसापर्यंत पूर्ण दिसत होती. माझा फंड सोळा टक्क्यांच्या आसपास खाली होता, तरी मागितला असता तर पैसा थोड्याच दिवसांत खात्यात आला असता, शिवाय त्या महिन्याच्या पाच हजारांत उच्चांकाच्या तुलनेत अठरा टक्क्यांहून अधिक युनिटे, म्हणजे फंडातील हिस्से, मिळाली. बँकेने किंवा पतसंस्थेने दिलेली कर्जे थकत असली तरी पासबुकातील ठेवीचा आकडा हलत नाही, हे मला तेव्हा प्रथम नीट उमगले आणि माझे मत बदलले.

आता पासबुकाविषयी, कारण हा लेख मुळात त्यासाठी आहे. जूनपासून पतसंस्थेच्या खिडकीवर मला एकच उत्तर मिळत होते: छपाईचे यंत्र नादुरुस्त आहे, पुढच्या आठवड्यात या. एक यंत्र बिघडणे ही क्षुल्लक बाब आहे, असे घरच्यांचे म्हणणे पडले. मला ते मान्य नाही. या संस्थेचे ॲप नाही, संदेश येत नाहीत, त्यामुळे माझ्या पैशाचा माझ्या हातातील एकमेव पुरावा ते पासबुकच आहे. अखेर नोव्हेंबरमध्ये मी लेखी अर्ज दिला, तेव्हा कर्मचाऱ्याने नोंदी हाताने लिहून सही-शिक्क्यासह दिल्या. त्या तपासताना एप्रिल ते जून तिमाहीचे ४,६२५ रुपये व्याज जमाच झाले नसल्याचे आढळले. चूक मान्य करून ते दोन दिवसांत जमा करण्यात आले, ही त्यांच्या बाजूने नोंदवण्याची गोष्ट आहे. तथापि छपाई वेळेवर झाली असती, तर ती चूक मला जुलैमध्येच दिसली असती.

याच धावपळीत मी सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात चौकशी केली, तेव्हा समजले की नागरी सहकारी बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे, मुद्दल आणि व्याज मिळून, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पूर्वी एक लाख होती. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हे संरक्षण नाही, कारण ती बँक नव्हे, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली संस्था आहे. दोन लाखांवर दीड टक्क्याने वर्षाला तीन हजार रुपये जास्त मिळतात. इतक्या रकमेसाठी विम्याशिवाय राहणे मला आता परवडत नाही.

पतसंस्थेची ठेव डिसेंबरमध्ये परिपक्व होत आहे. ती नूतनीकरण न करता रक्कम त्याच नागरी बँकेत वळवण्याचा अर्ज मी दिला आहे. तीन आणि दोन मिळून मुद्दलच पाच लाख होईल आणि व्याज विम्याबाहेर राहील, म्हणून पन्नास हजार दुसऱ्या बँकेत ठेवणार आहे. एसआयपी चालूच आहे.