स्टेथो एकतोंडी घ्यावा की दुतोंडी?

पहिला पगार झाला की नवे सिस्टर-ब्रदर हे विचारतात. मी दोन्ही घेतले, दोन्ही स्वतःच्या पैशांनी. एकतोंडी म्हणजे छातीवर टेकवायच्या भागाला, चेस्टपीसला, एकच बाजू, पातळ पडद्याची (डायफ्राम). दुतोंडीला एकीकडे डायफ्राम आणि दुसरीकडे लहान वाटीसारखी बेल, खालच्या पट्टीतले आवाज ऐकायला.

अॅम्ब्युलन्समध्ये किंवा कॅज्युअल्टीत एकतोंडीच सोयीचा. चेस्टपीस फिरवायला नको, चुकीच्या बाजूनं ऐकत बसणं नाही. फुप्फुसांपुरतं म्हणाल तर मला दोघांत फारसा फरक जाणवला नाही. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायांच्या छातीतली शिट्टी दोन्हीत ऐकू येते, न्यूमोनियाचे एका बाजूचे क्रेप्सही (बारीक चरचर) येतात.

अडलं ते हृदयापाशी. यवतमाळकडच्या आमच्या उपकेंद्रात येणारी म्हातारी माणसं म्हणजे नुसत्या बरगड्या. रुंद डायफ्राम दोन बरगड्यांवर पुलासारखा बसतो, कडेला फट राहते आणि कानात खरखर येते. तरी तेही चाललं असतं. पण एक आजोबा आले, पाय सुजलेले. म्हणे, "ब्रदर, झोपलो का दम भरून येते, उठून बसलो का बरं वाटते." त्यांना डाव्या कुशीवर जरा कलतं करून मी तिसरा ठोका शोधत होतो, म्हणजे हृदय कमी पडत असलं की नेहमीच्या दोन ठोक्यांनंतर येऊ शकणारा हलका आवाज. एकतोंडीत असा खालच्या पट्टीतला आवाज हवा तर हात हलका ठेवावा लागतो, दाबला की तो जातो, आणि धापेनं त्यांची छाती माझा हात वरखाली करत होती. ठोका आला, गेला, परत आला. तो खरंच जात होता की मीच दाबत होतो? शेवटपर्यंत कळलं नाही. पायांची सूज आणि धाप बघून पुढे पाठवलं, ते वेगळं.

बेल जोरात दाबली तर खालची कातडी ताणून तीही डायफ्रामसारखीच वागते, हे खरं. पण उचलल्यावर कातडीवर गोल वळ दिसतो, म्हणजे चूक निदान कळते. शिवाय लहान असल्यानं बेल बरगड्यांच्या मधे नीट बसते. थंडीत मात्र कडा आधी तळहातावर घासून घ्या, नाहीतर आजी ओरडते.

'स्टेथो कशाला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे ना!' म्हणणाऱ्यांना एवढंच, की अंगात रक्त कमी असलं, हिमोग्लोबिन ६ असलं, तरी तो ऑक्सिजन ९८ टक्के दाखवू शकतो.

तुमची ड्युटी मोठ्या वॉर्डात असेल तर कदाचित माझं म्हणणं पटणार नाही. माझा एकतोंडी आता नागपूरला भाच्याकडे आहे. तो खूश आहे. दुतोंडी माझ्या गळ्यात आहे. रबरी रिंग तेवढी एकदा बदलली.