‘स्नो टायर’ म्हणून गळ्यात मारलेले चार टायर

डिसेंबर-जानेवारीत स्वतःची गाडी घेऊन मनालीला जायचा बेत असेल आणि त्यासाठी ठाण्यात टायर बदलायला निघाला असाल, तर आधी हे वाचा. आमचे चौतीस हजार रुपये आणि चांगले चार टायर गेले. ते एक वेळ सोसलं असतं. पण मनालीजवळच्या सोलंगच्या अलीकडच्या वळणावर गाडी फिरली तेव्हा मागच्या सीटवर चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा होते आणि त्यांच्या शेजारी माझी मुलगी. तो क्षण अजून मनातून जात नाही.

बाबांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात टर्नर म्हणून उभी हयात गेली, सुट्ट्या गणपतीत आणि लग्नकार्यांत संपल्या. विमानात त्यांचे कान दुखतात, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये गाडीनेच जायचं ठरलं. सुरत, उदयपूर, जयपूर, चंदीगड असे मुक्काम करत, साधारण दोन हजार किलोमीटर.

आमचे टायर चार वर्षांचे होते, पण गोटा झालेले नव्हते. घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात मी फक्त अलाइनमेंट करायला गेले होते. बोलता बोलता मनालीचं नाव निघालं आणि मालक काउंटर सोडून बाहेर आला. “ताई, या टायरांवर बर्फात जाणार? म्हाताऱ्या माणसांना घेऊन?” बाबा तिथेच खुर्चीवर बसले होते. त्या एका वाक्याने त्याचं निम्मं काम झालं होतं, हे आज कळतं.

मग त्याने आतून टायर आणवले. काळेभोर, पॉलिशने चकचकीत. बाजूवर बोट ठेवून म्हणाला, “हे बघा, एम आणि एस. मड अँड स्नो. इंपोर्टेड आहेत. यावर चेनबिन काही लागत नाही.” चेन म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांवर चढवायची साखळी. नगाला साडेनऊ हजार. जुने टायर हजाराने परत घेतो म्हणाला. मी नवऱ्याला फोन केला, त्याला मालकाने व्हॉट्सअॅपवर ‘स्नो टायर ४ नग ३८,०००’ असा मेसेज आणि फोटो पाठवला. पक्कं बिल मागितलं तर “जीएसटी वाढेल, ताई, कशाला?” आणि हातात आली ती ‘टायर ४ नग’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी. मी ती घेतली. ही चूक माझी.

टायर चढवायच्या आधी बाबा उठून जवळ गेले. त्यांची जुनी सवय आहे, वस्तू हातात घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी अंगठ्याचं नख रबरात दाबून पाहिलं आणि हळूच म्हणाले, “निबर लागतंय गं हे.” मी म्हटलं, “बाबा, बर्फाचे टायर असेच असतील.” खरी गोष्ट याच्या नेमकी उलट असते, आणि हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

चंदीगडपर्यंत प्रवास उत्तम झाला. मनालीत पहिल्या रात्री बर्फ पडला. सकाळी हॉटेलच्या अंगणात बाबा हातमोजे काढून बर्फ मुठीत धरून उभे राहिले. त्यासाठीच आलो होतो. नाश्ता करून सोलंगकडे निघालो. सावलीतलं एक वळण होतं, वेग वीसच्याही आत. मी अगदी हलका ब्रेक लावला आणि गाडी थांबलीच नाही. स्टीअरिंग उजवीकडे, गाडी सरळ. मग मागचा भाग सावकाश फिरू लागला, इतका सावकाश की मुलीचं “आई” म्हणणं मला वेगळं ऐकू आलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली बियास. गाडी डोंगराच्या बाजूला साचलेल्या बर्फावर आपटली. मागचा बंपर फुटला, कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या बाजूला गेली असती, हा विचार मी पुरा करत नाही.

तिथल्याच दोन पोरांनी माती टाकली, पुढच्या चाकांना चेन चढवली आणि आम्हाला खाली गॅरेजवर आणलं. मेकॅनिक वयस्कर होता. मी त्याला सांगितलं, स्नो टायर आहेत. त्याने वाकून रबरात नख दाबलं. बाबांनी दाबलं होतं, अगदी तसंच. मग तो फडकं घेऊन गाडीखाली गेला, टायरची आतली बाजू पुसली आणि मला मोबाइलचा टॉर्च धरायला बोलावलं. डीओटी या अक्षरांपुढे लांबट चौकटीत चार आकडे होते: ३११८. “दीदी, यह बर्फ का टायर नहीं है. और नया भी नहीं है.” रिमच्या कडेला बारीक अक्षरांत ‘मेड इन इंडिया’ही होतं. देशी टायरात वाईट काही नाही. ते इंपोर्टेड म्हणून विकले, हे वाईट.

त्या आकड्यांचा अर्थ असा. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. म्हणजे आमच्या गाडीवर चढले तेव्हा हे टायर सहा वर्षं पडून होते आणि माझ्या काढून घेतलेल्या टायरांपेक्षा जुने होते. तारखेसह पूर्ण कोड बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असतो. दुकानदाराने चारही चाकांची ती बाजू आत घेतली होती. तारीख आत असली की फसवणूकच, असं मात्र नाही. काही टायरांवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं आणि ती बाजू बाहेर ठेवावीच लागते. आमच्या टायरांवर तसं काही नव्हतं. म्हणून टायर रिमवर चढण्याआधी, जमिनीवर असतानाच दोन्ही बाजू फिरवून बघायच्या.

आता एम आणि एसबद्दल. ही अक्षरं खोटी नव्हती, म्हणून तर मी फसले. चिखल आणि भुरभुरीत बर्फासाठी नक्षी बरी आहे, असा तो कंपनीने स्वतःच केलेला दावा असतो. त्यासाठी बर्फावरची चाचणी द्यावी लागत नाही. आपल्याकडे एसयूव्हीच्या कितीतरी साध्या टायरांवर ही अक्षरं असतात. खऱ्या हिवाळी टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह असतं. ते बर्फावर चाचणी झाल्यावरच मिळतं. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर नुसते एम+एसवाले टायर कायद्याने चालत नाहीत, हे चिन्ह लागतं. साधं रबर साधारण सात अंशांखाली कडक होऊ लागतं आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबर जास्त असतं, ते थंडीतही मऊ राहतं, आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. बाबांचं नख बरोबर होतं. आमचं रबर मुळात हिवाळी नव्हतंच, त्यात वयाने निबर झालेलं.

आणखी एक गोष्ट मी आता ठामपणे सांगते. ठाण्याच्या माणसाने आठवड्याच्या सहलीसाठी खरे हिवाळी टायरही घेऊ नयेत. ते मऊ रबर आपल्या तापलेल्या डांबरावर भराभर झिजतं आणि ब्रेकही लांब लागतो. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाल्यापासून भर हिवाळ्यात बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत गाडी नेता येते, तशी आपल्याकडे या ‘स्नो टायर’ची विचारणा वाढली असावी. पण बर्फ पडला की मनालीच्या पुढे पोलीस फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात, टायरवर काय लिहिलंय ते विचारत नाहीत. चांगली नक्षी असलेले आपलेच टायर ठेवा आणि त्यांच्या मापाची चेन घ्या. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असेल, तर ती पुढच्या चाकांना लागते. इथेच सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा चढवून-उतरवून बघा, कारण तिथे बोटं बधिर होतात. नाहीतर गाडी मनालीत ठेवून स्थानिक फोर बाय फोर करा. आम्ही पुढचे दोन दिवस तेच केलं.

परत आल्यावर मी दुकानात गेले. मालक म्हणाला, “तुम्हीच पसंत केले, ताई. चार हजार किलोमीटर फिरवून आता परत?” जुने टायर विकून टाकल्याचंही सांगितलं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानाने दाद दिली नाही, म्हणून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि दोन वर्षांपर्यंत मुदत असते, म्हणून रक्कम लहान आहे असं म्हणून सोडू नका. बिल कच्चं असलं तरी यूपीआयची नोंद आणि मालकाचा तो ‘स्नो टायर’ लिहिलेला मेसेज आमच्याकडे आहे. असे मेसेज डिलीट करू नका आणि टायर भंगारात देऊ नका, तोच पुरावा असतो.

आमचे चारही टायर पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेत. उतरवल्यावर बाबांनी खडू घेऊन प्रत्येकावरचे चार आकडे शोधले आणि त्यांना गोल केला. दोघांवर ३११८ आहे, एकावर ४५१७ आणि एकावर ०९१९.