डबीच्या झाकणाला आतून थेंब होते, ते मी पाहिले होते

कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, बाळगणाऱ्यांनो, घ्यायच्या विचारात असणाऱ्यांनो, आणि विशेषतः नागपूरकरांनो, हे पूर्ण वाचा. "गाडीतली ओल कायमची घालवून देतो" म्हणणाऱ्या एका माणसाला मी ५८,२०० रुपये दिले. त्याने करून ठेवलेलं निस्तरायला आणखी ११,७०० गेले. एकूण ६९,९००. हा आकडा मी सासरी अजून कुणाला सांगितलेला नाही.

मी भोळी नाही. खाजगी कंपनीत २६ वर्षं हिशेब पाहिला आहे, दोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत रात्री नऊ-नऊ वाजता घरी आले आहे. तरी फसले, ते का, हे आधी सांगते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही पुण्याच्या एका कुटुंबाकडून दहा फुटी जुना ट्रेलर घेतला. ह्यांच्या निवृत्तीनंतर बोलेरोमागे लावून फिरायचं, एवढीच हौस. पहिला मुक्काम डिसेंबरात, मनसरजवळ माझ्या भावाच्या शेतावर. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून झोपलो. रात्री आतच खिचडी शिजवली होती, धुतलेला टॉवेल आतच वाळत घातला होता. पहाटे छताच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून माझ्या उशीवर थेंब पडायला लागले. काचांना घाम. गादीखाली हात घातला तर प्लायवूड ओलंचिंब. तीन-चार मुक्कामांत त्या प्लायवूडवर काळी बुरशी धरली आणि ह्यांचा दमा उसळला. जानेवारीत दोन रात्री नेब्युलायझरवर काढल्या. त्यामुळे "ओल घालवतो" असं कुणी म्हटलं की माझे कान टवकारले जायचे. लोभापायी नाही, ह्यांच्या श्वासापायी मी त्या माणसाला फोन केला.

तो आला २८ मे २०२४ ला. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू, पारा ४४-४५, दुपारी दीडची वेळ. आमच्या बेसा भागातल्या अंगणात ट्रेलर उन्हात उभा. बोलणं एकदम गोड. "काकू, काही टेन्शन घेऊ नका जी. काकाजींचा दमा पण कमी होऊन जाईन." हातात बॅग, बॅगेत पांढरं मशीन आणि एक प्लास्टिकची डबी. डबीत हवेतली ओल टक्क्यांत दाखवणारा छोटा ह्युमिडिटी मीटर, त्याच्याखाली घडी घातलेला रुमाल. त्याने डबी उघडली, मीटर ट्रेलरच्या ओट्यावर ठेवला. आकडा ८२. "पाहा, केवढी ओल हाय आत!" मशीन लावलं, हिरवा दिवा लागला. "दहा मिनिटं थांबा फक्त." दहा मिनिटांनी आकडा २४.

आता इथे थांबा, कारण मी इथेच थांबायला हवं होतं. डबीचं झाकण त्याने ओट्यावर उलटं ठेवलं होतं, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. झाकणाला आतून थेंब होते. बारीक, दाट, जसे डिसेंबरात काचेला होते तसेच. डबीतला रुमाल ओला होता, म्हणून मीटर ८२ दाखवत होता. ८२ टक्के ओल डबीत होती, ट्रेलरमध्ये नव्हतीच. मी ते थेंब पाहिले. पाहता पाहता ते वाळूनही गेले. मशीन त्या झाकणापासून चार हात लांब होतं. थेंब वाळवले ते नागपूरच्या मे महिन्याच्या हवेने, आणि मीटरचा आकडाही तिनेच उतरवला. मशीनच्या जागी तिथे रिकामा डबा ठेवला असता तरी २४ च आला असता.

आणि हे कळायला शिक्षण लागत नाही, नागपूरकर असणं पुरतं. दरवर्षी कूलरच्या ताट्या मीच बदलते. मे महिन्यात कूलर थंडगार हवा देतो कारण हवा कोरडी ठणठणीत असते, आणि मृग लागला की तोच कूलर चिकचिक करतो, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. दुपारची आर्द्रता इथे तेव्हा २०-२५ वर येते. ओल घालवणाऱ्या मशीनची परीक्षा नवतप्यात घेणं म्हणजे छत्रीची परीक्षा उन्हात घेणं. हे सगळं मला माहीत होतं आणि त्या दुपारी त्यातलं एकही डोक्यात आलं नाही. डोक्यात होता फक्त ह्यांचा नेब्युलायझर.

हिशेब असा लावला त्याने. आतून 'नॅनो कोटिंग' २२,५००. मशीन २४,८००. खिडक्या आणि छत सील करणं ९,५००. झाले ५६,८००. त्यातून सूट २,८००, उरले ५४,०००. वर ओल शोषणाऱ्या १२ पिशव्या, ३५० रुपयांची एक, म्हणजे ४,२००. बेरीज ५८,२००. त्याच दिवशी २०,००० यूपीआयने दिले, ३१ मे ला काम झाल्यावर ३०,००० यूपीआयने आणि ८,२०० रोख. रोख का, असं ह्यांनी विचारलंही होतं. मीच म्हटलं, जाऊ द्या हो, उन्हातान्हात काम केलंय पोरांनी.

बिल दिलं, त्यावर जीएसटी नंबरही छापलेला. तो नंबर मी ऑगस्टमध्ये मोजला. १४ अक्षरं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने होते, आणि खरा की खोटा हे जीएसटीच्या वेबसाइटवर मिनिटभरात, फुकट कळतं. हे तर माझं रोजचं काम होतं. पैसे देण्याआधी नंबर टाकून पाहा, त्याच्या समोर बसून पाहा, संकोच करू नका.

मग ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला गेलो. धुकं, झिमझिम, रात्री चांगलीच थंडी. त्याच्या सांगण्याप्रमाणे सगळं बंद ठेवलं, मशीन रात्रभर चालू. पहिल्याच पहाटे छताला असा पाझर की अंथरुणावर पातेली ठेवावी लागली. डिसेंबरापेक्षा वाईट. दोन रात्रींत मशीनच्या टाकीत साचलं किती, तर चहाचा अर्धा कप. त्याने सांगितलं होतं दिवसाला दहा लिटर. घरी येऊन मशीन उलटं केलं, त्याने चिकटवलेलं लेबल नखाने सोललं. खाली मूळ लेबल होतं: ९ व्होल्ट, २३ वॅट, दिवसाला २५० मिली. तेही ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर. हुबेहूब तसंच मशीन मला सीताबर्डीच्या बाजारात ४,६५० रुपयांत दिसलं. आत एक छोटी चकती थंड होते आणि तिच्यावर पाणी जमतं, एवढंच त्याचं काम. कपाटापुरतं ठीक. थंडीत तर ते जवळजवळ काहीच ओढत नाही. दिवसाला दहा लिटर काढणारं मशीन कॉम्प्रेसरचं असतं, फ्रीजसारखं, जड, आणि दीड-दोनशे वॅट खातं. वॅट वाचा. आधी वॅट वाचा, मग माणसाचं बोलणं ऐका.

त्या १२ पिशव्या चिखलदऱ्याला गळायला लागल्या. कोपऱ्यात ठेवलेल्या पिशवीखालून खारं पाणी वाहत गेलं आणि पलंगाच्या फ्रेमचे बोल्ट गंजले. एक पिशवी कात्रीने उघडली. आत खडेमीठ. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत जे होतं तेच त्या पिशव्यांत झालं होतं. १५-२० रुपये किलोचं मीठ ४,२०० ला विकलं मला. खरी सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, गळत नाही, भरली की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते, पण तीसुद्धा वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच पाणी धरते. बंद कपाटात ठेवायची ती वस्तू, माणसं झोपतात त्या जागेसाठी नाहीच.

'नॅनो कोटिंग' म्हणजे भिंतीला लावतात तो प्लास्टिक पेंट. आमच्या रंगाऱ्याने खरवडून दाखवला. आणि खरंच काही भारी कोटिंग असतं तरी काय फरक पडणार होता? पाणी बाहेरून शिरतच नव्हतं. आमचंच होतं ते. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घामावाटे सुमारे अर्धा लिटर पाणी सोडतात. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. ती वाफ बाहेर जायला वाट नसेल तर सगळ्यात थंड जागा शोधून तिथे बसते, काचेवर, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, गादीखाली.

आणि ती वाटच त्याने बंद केली होती. ९,५०० घेऊन.

यापुढचं लिहिताना अजून हात थरथरतो. छताच्या खिडकीभोवती सिलिकॉन भरलं, ते एक वेळ सोडून देते. दाराजवळ जमिनीलगत एक जाळी होती, तीही त्याच्या पोरांनी पत्रा ठोकून सील केली. ती जाळी गॅससाठी असते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, आणि त्या जाळीतून बाहेर पडतो. आम्ही दोन रात्री सगळं बंद करून, आत शेगडी पेटवून, त्या डब्यात झोपलो. गॅस गळला नाही, शेगडीचा विषारी वायू कोंडला नाही, हे आमचं नशीब. कुणीही, कितीही शहाणा माणूस, तुमच्या ट्रेलरची कायमची जाळी बंद करायला निघाला तर त्याला त्याच क्षणी खाली उतरवा.

फोन केला तर म्हणतो, "काकू, तुम्ही खिडकी उघडली असंन. मग वॉरंटी नाही राहत." दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. २४ ऑगस्टला वाडीकडच्या त्याच्या गॅरेजवर गेलो, शटर खाली. शेजारच्या पानठेल्यावर कळलं, तीन महिन्यांच्या भाड्याने घेतलं होतं, सोडून गेला.

मग पोलीस. पहिल्या दिवशी दोन तास बाकावर बसवलं. ह्यांना धाप लागलेली, पंख्याखाली जागा नाही. मग साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच दिले ना मॅडम? मशीन दिलं ना त्यानं? काम केलं ना? मग हे दिवाणी आहे." मी खोटा जीएसटी नंबर दाखवला, सोललेलं लेबल दाखवलं, मिठाची पिशवी टेबलावर ठेवली. "हे उचला आधी इथून." अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर "शिक्केवाला जेवायला गेलाय." दुसऱ्या खेपेला, पैसे यूपीआयने गेलेत तर सायबरवाल्यांकडे जा. तिकडच्या खिडकीवर, माणूस घरी आला होता तर हे सायबर कसं, ठाण्यात जा. तिसऱ्या खेपेला गॅरेज दुसऱ्या हद्दीत येतं म्हणून परत पाठवलं. बँकेत गेले तर त्या मुलीने स्क्रीनवरून मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकला आहे." हो, मीच टाकला! पण ज्या खात्यात ५०,००० गेले ते खातं कुणाचं हे बँकेला दिसतं, पोलिसांनी विचारलं तर बँक देते, आणि पोलीस विचारायलाच तयार नाहीत. चोर कुठे राहतो ते शोधणं ज्यांचं काम, ते मलाच विचारतात, त्याचा पत्ता आणा. सहा खेपा, बेसा ते पोलीस ठाणे ऑटोचे पैसे वेगळे, आणि दर खेपेला "एवढं शिकून कसं काय फसलात" हे वाक्य. फसवणारा एकदा लाज काढतो, हे पोलीस सहा वेळा काढतात.

माझ्या भाचीने, ती वकिली करते, नंतर सांगितलं ते मला पहिल्याच दिवशी माहीत असतं तर! १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ प्रमाणे, हद्द कोणतीही असो, ठाण्याने खबर लिहून घ्यायची असते. नाही घेतली तर तीच खबर लेखी, पोस्टाने, वरच्या अधिकाऱ्याला पाठवा, शहरात डीसीपींना, म्हणजे पोलीस उपायुक्तांना. स्पीड पोस्टाची पावती म्हणजे पोच, शिक्केवाला जेवायला गेला तरी. ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि रोख देऊ नका. माझे ८,२०० कुठल्याच कागदावर नाहीत.

दुरुस्तीचे ११,७०० असे: प्लायवूड ४,९००, गाद्या ५,२००, मजुरी १,६००. जाळी उघडली, छताची खिडकी मोकळी केली, पेंट खरवडला. गादीखाली लाकडी पट्ट्या टाकल्या, आता खालून हवा खेळते. छताच्या पट्टीला आतून फोमची शीट चिकटवली, थंड धातू आतल्या हवेला लागत नाही. छताची खिडकी रात्रभर दोन बोटं उघडी आणि तिच्या तिरप्या समोरची एक खिडकी तेवढीच, पाऊस असला तरी. थंडी वाजते, मग जास्तीची रजई घ्या. स्वयंपाक बाहेर. ओले कपडे, छत्री, बूट आत नाही. उठल्याबरोबर काचा फडक्याने पुसून फडकं बाहेर पिळायचं. ४०० रुपयांचा मीटर मी स्वतः घेतला, ६० च्या वर गेला की आणखी एक खिडकी उघडते. या डिसेंबरात मनसरला दोन रात्री राहिलो. काचेच्या खालच्या कडेला थोडे थेंब होते, गादी कोरडी, आणि हे पंप न घेता झोपले.

तो माणूस अजून फिरतो आहे. गेल्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या एकांना अमरावतीकडे तशीच जाहिरात आली, नाव वेगळं, मशीन तेच. उन्हाळ्यात तो पुन्हा निघेल, कारण त्याची डबी उन्हाळ्यातच चालते. तुमच्या दारात आला तर मीटर तुमचा लावा, आणि त्याच्या डबीचं झाकण आतून पाहायला मागा.

डीसीपींना अर्ज ६ जानेवारीला पोस्टाने गेला. पावती फाइलला लावली आहे, तिच्यामागे मिठाची पिशवी.